एफ कॉर्ड वाजत नाही म्हणून गिटार सोडू नकोस

अरे आधी थांब, गिटार विकायची घाई करू नकोस. तीन महिन्यांत एफचा बार कॉर्ड (म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून वाजवायचा सुरांचा मेळ) नीट वाजत नाही म्हणून टॅलेंटच नाही असं कुठे असतं का, तो कॉर्ड जवळजवळ सगळ्यांनाच रडवतो. माझा तर सहा-सात महिने नुसता थप्प थप्प आवाज यायचा, आणि माझ्याबरोबरच सुरू केलेला एक मित्र होता, कान इतका तयार की गाणं एकदा ऐकलं की सूर पकडायचा, त्याने वर्षभरात गिटार कपाटावर टाकली. मी रोज २० मिनिटं बसत राहिलो, बाकी काही नाही.

तू असं कर, पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, एकदम सपाट नको, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित वळव, फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, अगदी जवळ आण आणि एकेक तार छेडून बघ कुठली दबत नाहीये. मग मेट्रोनोम (टक टक करून ताल देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ५० ठोक्यांवर लावून सी कॉर्डवरून एफ, परत सी, चुकलं की स्पीड अजून कमी. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज थोडं बस, कारण हाताची सवय झोपेतही पक्की होत असते, आज अडलेलं कधीकधी उद्या आपोआप सुटतं खरंच. मनगट दुखलं तर मात्र लगेच थांबायचं. आणि आजचं वाजवणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव, महिन्याने ऐक.