उन्हाळी सहल आणि खर्चाचा मेळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण मे महिन्यात आमच्या पेट्रोलच्या छोट्या गाडीने कोकणात जाणार आहोत. सहा दिवसांत दापोली, गणपतीपुळे आणि मालवण पाहण्याचा बेत आहे. सर्व खर्च तीस हजार रुपयांत कसा बसवावा?
— एक गृहिणी, सिडको, नाशिक

ताई, हा बेत आहे तसा ठेवला, तर तो तीस हजारांत बसणार नाही. खाण्यापिण्यात कितीही हात आखडता घेतला, तरी फरक पडणार नाही, कारण सहलीचा पैसा मुख्यतः दोनच ठिकाणी जातो : गाडीने कापलेले किलोमीटर आणि बाहेर काढलेल्या रात्री.

आपण हिशेब मांडून पाहू. तिन्ही ठिकाणे करून नाशिकला परत येईपर्यंत, स्थानिक फिरणे धरून, चौदाशे किलोमीटरच्या घरात अंतर होते. सामानासह पाच माणसे, घाट आणि वातानुकूलन यांचा विचार करता लिटरला १५ किलोमीटर धरणे योग्य ठरेल. पेट्रोलचा भाव १०५ रुपये धरला, तर इंधनालाच पावणेदहा हजार रुपये लागतील. त्यात हंगामातील मोठ्या खोलीचे रात्रीला साडेतीन हजार याप्रमाणे पाच रात्रींचे साडेसतरा हजार मिळवले, की हाती जेमतेम पावणेतीन हजार उरतात. त्यांतून पाच जणांचे सहा दिवसांचे जेवण आणि टोल भागणे शक्य नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की आपण एकच मुक्काम ठरवावा आणि तो दापोली परिसरात ठेवावा. नाशिकहून कसारा, भिवंडी, पनवेल, महाड या मार्गाने दापोली सुमारे साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन आणि तेथे फिरून पावणेनऊशे किलोमीटर झाले, तरी इंधनाचा खर्च सहा हजारांच्या थोडा वर राहतो. चार रात्री एकाच घरी राहणार असल्याचे सांगितल्यावर यजमान भाड्यात सवलत देण्याची शक्यता बरीच वाढते, कारण रोज चादरी बदलून नवे पाहुणे घेण्याचा त्यांचाही त्रास वाचतो. रात्रीला तीन हजार धरले, तरी निवास आणि इंधन मिळून अठरा हजार होतात. टोल आणि पार्किंगला दीड हजार बाजूला काढले, तर जेवणाखाण्यासाठी दहा हजार शिल्लक राहतात. पाच जणांना पाच दिवस ते पुरतात आणि परतताना आंब्याची एखादी पेटीही घेता येते.

एका जागी राहिल्याने पाहण्यासारखे कमी मिळेल, अशी शंका मनात आणू नये. मुरूड आणि कर्दे येथील किनारे, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, पन्हाळेकाजीची लेणी, हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव आणि समोर दिसणारा सुवर्णदुर्ग हे सर्व दापोली तालुक्यातच आहे. गुहागरला जायचे असल्यास दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवावी. चिपळूणवरून जाणारा मोठा वळसा त्यामुळे वाचतो, इंधन वाचते आणि मुलांना खाडी ओलांडण्याचा आनंद मिळतो. बोटीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात, कारण शेवटची बोट चुकली तर तोच वळसा रात्रीच्या अंधारात घालावा लागतो.

मुक्काम सोमवार ते शुक्रवार असा ठेवावा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची गर्दी किनाऱ्यावर उतरते आणि त्याच खोलीचे भाडे चढते. खोली ठरवताना तीन गोष्टी दूरध्वनीवर स्पष्ट करून घ्याव्यात : जादा गादीचे किती, न्याहारी भाड्यात आहे की नाही, आणि सांगितलेला दर करासह आहे का. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुन्या दराने कर लावलेले बिल कोणी पुढे केल्यास ते दुरुस्त करून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

जेवण शक्यतो राहत्या घरीच सांगावे, आणि तेही आदल्या संध्याकाळी, म्हणजे यजमानीणबाईंना बाजार त्या बेताने करता येतो. बांगड्याची थाळी सुरमईच्या थाळीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ताज्या बांगड्याची चव काही कमी नसते. जातानाच्या दिवसासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडी आणि उकडलेले बटाटे घरून घ्यावेत. सासूबाईंनाही हेच मानवेल.

पाण्याकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मे महिन्याच्या उकाड्यात पाच जणांना दिवसाला १२ ते १५ लिटर पाणी सहज लागते. वीस रुपयांची बाटली घेत राहिल्यास रोजचे अडीचशे-तीनशे रुपये होतात, म्हणजे पाच दिवसांत सव्वा ते दीड हजार रुपये केवळ पाण्यावर जातात. डिकीत वीस लिटरचा जार आडवा होणार नाही असा बसवावा, प्रत्येकाला स्टीलची बाटली द्यावी आणि तो जार मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा भरून घ्यावा.

निघण्याच्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी, याचा तक्ता बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा कमी असेल तर इंधन जास्त जळते, आणि तापलेल्या रस्त्यावर टायर फुटण्याचा धोकाही वाढतो. टपावर सामान बांधू नये; वाऱ्याचा अडथळा वाढून इंधनाचा खर्च वाढतो. नाशिकहून पहाटे चारला निघाल्यास भिवंडी आणि कल्याण फाट्याची कोंडी सुरू होण्याआधी तो पट्टा ओलांडता येतो. तेथे अडकलेली गाडी एकही किलोमीटर पुढे न जाता पेट्रोल पीत राहते. चालकाची झोप मात्र आदल्या रात्री पूर्ण झालेली असावी. ती होणार नसेल, तर दोन तास उशिरा निघावे आणि कोंडी सोसावी.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास काढल्यास सहलीचा टोल वाचेल का? आम्ही समृद्धी महामार्गाने जाण्याच्या विचारात आहोत.
— एक वाचक, नाशिक रोड

समृद्धीवर हा पास चालत नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३००० रुपये शुल्काने सुरू झालेला हा पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या (एक नाका एकदा ओलांडणे म्हणजे एक फेरी), यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत चालतो. तो खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांना, आणि केवळ राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांवर लागू आहे. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे असल्याने तेथे नेहमीचाच टोल कापला जातो.

पास घ्यावा की नाही, हे सहलीवरून ठरवू नये, तर वर्षभराच्या जाण्यायेण्यावरून ठरवावे. नाशिक-पुणे रस्त्यावर शिंदे, हिवरगाव पावसा आणि चाळकवाडी हे नाके लागतात. एका नाक्याचे सरासरी शंभर रुपये धरले, तर जाऊन-येऊन सहाशे होतात, म्हणजे पुण्याला पाचदा जाऊन आल्यावर पासाचे पैसे जवळपास वसूल होतात. मुलगा किंवा मुलगी पुण्यात शिकत असेल, तर विचार करण्याचेही कारण नाही. वर्षातून एकदाच कोकणात जाणाऱ्याने मात्र तो घेऊ नये.

मुंबईच्या दिशेने जाताना इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ पासून खुला आहे. त्याने कसारा घाट टळतो. पहाटे निघणाऱ्याला जुना रस्ता पुरेसा आहे. भर दुपारी निघावे लागले आणि घाटात अवजड वाहनांची रांग असली, तर समृद्धीचा टोल देणे मला परवडणारे वाटते. प्रवासाआधी फास्टॅगमधील शिल्लक आणि केवायसी तपासावी, कारण टॅग बंद असेल, तर नाक्यावर जादा टोल भरावा लागतो.

प्रश्न : दोनच दिवस मोकळे आहेत आणि पाच-सहा हजारांच्या वर जायचे नाही. कुठे जावे?
— एक वाचक, मखमलाबाद

भंडारदरा. घोटीमार्गे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर आहे, त्यामुळे इंधन हजार-बाराशेत भागते. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत तेथे काजवे दिसतात. त्या शनिवार-रविवारी रस्ते तुंबतात आणि तंबूंचे दर भरमसाट होतात, म्हणून मधल्या वारीच जावे. काजव्यांच्या झाडांजवळ गाडीचे दिवे आणि मोबाईलचे टॉर्च बंद ठेवावेत, कारण प्रकाशामुळे त्यांच्या मीलनात व्यत्यय येतो.

प्रश्न : घरात सात माणसे आहेत, गाडी पाच जणांची आहे. शेजाऱ्यांची सात आसनी गाडी टॅक्सीपेक्षा स्वस्तात भाड्याने मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, पंचवटी

घेऊ नये. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. खासगी वाहनाचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि आपण व आपले शेजारी असे दोघेही संकटात सापडता. पाच जणांच्या गाडीत सात जण बसवण्याचा विचारही सोडून द्यावा.

पिवळ्या पाटीची टॅक्सी घेतल्यास दर ठरवताना चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग धरूनच तुलना करावी. बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लावतात, मग गाडी दिवसभर उभी असली तरी. म्हणून एकाच ठिकाणी चार दिवस राहणाऱ्या कुटुंबाला टॅक्सी महाग पडते.

आपल्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग एसटीचा आहे. पाच जणांनी गाडीने जावे आणि दोघांनी एसटीने यावे. महिलांना निम्मे भाडे पडते, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे. घरात आजोबा पंचाहत्तरीचे आणि आत्या किंवा मावशी सोबतीला असतील, तर दोघांचे मिळून अर्ध्या तिकिटात काम होते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे आणि सुटीच्या हंगामात आसने आधीच आरक्षित करावीत. गाडीतील मंडळींनी त्यांना स्थानकावरून आणण्याची वेळ ठरवूनच निघावे.