चौदा लाखांचं विमान, सात हजारांचा तास

प्रश्न : माझं वय ५६. घोडबंदर रोडला राहतो, वागळे इस्टेटमध्ये छोटं मशीन शॉप आहे. दोनपैकी एक गाळा विकला, कर भरून ७० लाख हातात आले. म्युच्युअल फंडात ४० लाख आहेत. घरावर १८ लाखांचं कर्ज बाकी आहे, साडेआठ टक्क्यांचं. पत्नीला शिक्षिकेची पेन्शन येते. तरुणपणी काढलेला खासगी वैमानिकाचा परवाना मागच्या वर्षी पुन्हा चालू करून घेतला. आता १९६८ सालच्या सेसना १५० विमानाचा तिसरा हिस्सा १४ लाखांना मिळतो आहे. विमान कसारा घाटापलीकडे हँगरमध्ये असतं. वर्षाचा ठरलेला खर्च तिघांत मिळून ६ लाख ६० हजार, वर उडवण्याचा तासाला ७ हजार. क्लबचं विमान तासाला १६ हजारांनी मिळतं, म्हणजे हे निम्म्याहून स्वस्त. इंजिनाचे ३२० तास बाकी आहेत. घ्यावं का? विकणाऱ्याला गणपतीपर्यंत उत्तर हवं आहे.

उत्तर : पत्रात तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती आकड्यांत येत नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी वडील तुम्हाला जुहूला घेऊन गेले होते. पन्नास वर्षांपूर्वी आणलेल्या टपालाची आठवण म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी टाटा कराचीहून एकटे लेपर्ड मॉथ हे छोटं विमान उडवत आले, ते तुम्ही बारा वर्षांचे असताना पाहिलंत. हे वाचल्यावर ‘विमान कशाला, इंडेक्स फंड घ्या’ असं सांगण्याचा कोरडेपणा मी करणार नाही. गाळा तुमचा, घाम तुमचा. पण हिशेब मात्र पूर्ण मांडू, कारण तुमच्या पत्रात तो अर्धाच आहे.

आधी ते ३२० तास. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करणं) झाल्यापासून इंजिन १,४८० तास चाललंय आणि मर्यादा १,८०० तासांची, म्हणून तुम्ही वजाबाकी केलीत. या विमानातलं कॉन्टिनेंटल ओ-२०० इंजिन बनवणारी कंपनी मात्र १,८०० तास किंवा १२ वर्षं सांगते, जे आधी येईल ते. तुम्ही पाठवलेल्या लॉगबुकच्या पानावर ओव्हरहॉलची तारीख मार्च २०१६ आहे. म्हणजे मार्च २०२८ला मुदत भरते, मग तास कितीही उरोत. रबरी नळ्या, सील, गॅस्केट यांना तास कळत नाहीत, त्यांना वर्षं कळतात. सुट्या भागांसह, बाहेरून मागवण्याचा खर्च आणि कस्टम धरून तुम्हाला २७ लाखांचा अंदाज मिळालाय. तुमचा वाटा ९ लाख. दोन वर्षांत तो जमवायचा तर महिन्याला ३७,५०० रुपये. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला इथे आहे.

आता तासाचा खरा भाव काढू. वर्षाला ४० तास उडाल असं तुम्ही धरलंय. इंधन, तेल वगैरे ७,०००. ठरलेल्या खर्चातला तुमचा वाटा २ लाख २० हजार, तो ४० तासांवर ५,५००. इंजिनासाठी वर्षाला साडेचार लाख बाजूला, ते ११,२५०. आणि १४ लाख सात टक्क्यांवर ठेवले असते तर आलं असतं ते व्याज ९८,००० म्हणजे तासाला २,४५०. बेरीज २६,२००. क्लबचं विमान १६ हजारांना.

हे झालं ४० तासांचं. माझी शंका वेगळीच आहे. जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस यांत नजरेच्या भरवशावर उडणारं छोटं विमान बहुतेक हँगरमध्येच बसतं. उरले आठ महिने, महिन्याला पाच तास. त्यासाठी दर वेळी माजिवड्याचा खोळंबा, भिवंडी बायपास, मग कसारा घाट. पाच तास जायला, पाच यायला. तुमचं वर्कशॉप शनिवारी चालू असतं हेही तुम्हीच लिहिलंय. मला तर वर्षाला पंधरा तास दिसतात. पंधरा तासांवर तोच भाव काढला तर तासाला ५८ हजारांच्या वर जातो. क्लबमध्ये तेच पंधरा तास वर्षाला २ लाख ४० हजारांत होतात आणि ओव्हरहॉलचं बिल तुमच्या दारात येत नाही.

शिवाय न उडणारं विमान जास्त खर्च काढतं, हे मोटारवाल्यांना पटकन पटत नाही. इंजिन नियमित पूर्ण तापलं नाही तर आतली ओल आणि जळालेल्या इंधनातलं आम्ल तेलात राहतं आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरतो. जमिनीवरच दहा मिनिटं सुरू करून बंद केलं तर उलट ओल वाढते. विमान देशावर कोरड्या हवेत आहे ही जमेची बाजू. जुहूच्या खाऱ्या हवेत असतं तर मी पुढे वाचलंही नसतं. पण लॉगबुकच्या फोटोंत एप्रिल २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात एकूण चार तासांची नोंद आहे. तेवढ्या काळात आत काय झालं, ते सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत डोकावणारा बारीक कॅमेरा) घातल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, विकणाराही नाही.

त्यामुळे करार होण्याआधीची तपासणी तुमच्या खर्चाने आणि तुमच्या इंजिनिअरकडून करून घ्या. त्या विमानाची देखभाल करणाऱ्याकडून नको. माणूस कितीही चांगला असला तरी त्याने स्वतःच्याच सह्यांवर बोट ठेवावं अशी अपेक्षा चुकीची. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, बोअरस्कोप, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोंची ५०० तासांची तपासणी झाल्याची नोंद, पंखांच्या आणि शेपटीच्या आतला गंज. सीटचे रूळ विसरू नका. जुन्या सेसनांत रुळाची भोकं झिजली की उड्डाणाच्या वेळी सीट मागे सरकते आणि वैमानिक स्टिअरिंग धरून मागे ओढला जातो. त्यावर अमेरिकन नियामकाचा सक्तीचा तपासणी आदेश आहे. तुम्ही लेथवर मायक्रोमीटर धरणारे आहात, अशा भोकांचं माप तुम्हाला शिकवायला नको.

आता किंमत. हिस्सा विकणाऱ्या गृहस्थांनी तो २०१६ साली, ओव्हरहॉल नुकताच झालेला असताना, १३ लाखांना घेतला होता असं तुम्ही लिहिलंय. आज ते १४ मागतात. मधली दहा वर्षं इंजिन त्यांनी वापरलं. बारातली दहा, म्हणजे तुमच्या ९ लाखांच्या वाट्यातले साडेसात लाख त्यांनी खर्च केलेत आणि ते बिल तुमच्या नावावर फाडतायत. १४ मधून साडेसात वजा करा : साडेसहा लाख. ही माझ्या मते रास्त किंमत, आणि तीही तपासणीत काही वावगं निघालं नाही तर. त्यांना राग येईल. येऊ द्या.

१४ लाखांना घेतलंत तर पहिल्या दोन वर्षांत १४ हिस्स्याचे, ९ इंजिनाचे, ४ लाख ४० हजार ठरलेले आणि ४० तासांच्या हिशेबाने ५ लाख ६० हजार उडण्याचे, असे ३३ लाख जातात. गाळ्याच्या पैशांतला जवळजवळ अर्धा. साठीला शॉप बंद करायचंय, त्यानंतर घरखर्चातले वर्षाला साडेचार लाख तुमच्या पुंजीतून यायचे आहेत. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी १८ लाखांचं कर्ज फेडा, मग विमानाचं नाव काढा. साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून आकाशात जाणं मला पटत नाही.

पत्रातले दोन छोटे प्रश्न. शॉपच्या नावावर विमान घेऊन घसारा लावायचा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय, तो सोडून द्या. धंद्यासाठी न वापरलेल्या मालमत्तेचा घसारा मिळत नाही. स्वतःच्या वापराची वस्तू म्हणून घेतलंत तर विकताना झालेला तोटा शेअरच्या नफ्यातून वजा करता येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. (एकेकाळी संपत्ती करात खासगी विमान मोजलं जायचं, तो करच गेला, तेवढा एक त्रास वाचला.) अमेरिकेतून स्वस्त विमान कंटेनरमध्ये घालून न्हावा-शेवाला उतरवण्याची कल्पना तर नकोच. २२ सप्टेंबर २०२५पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे, आणि ते पंख सोडवून पुन्हा जोडायचं काम वेगळं.

विमा मात्र छोटा प्रश्न नाही. तुमची टर्म पॉलिसी २००९ची, परवाना तेव्हा बंद होता. तिच्यातलं अपवादांचं पान वाचा आणि कंपनीला लेखी विचारा. वैयक्तिक अपघात विम्यात तर सहसा स्पष्टच असतं की तिकीट काढून प्रवासी म्हणून बसलात तरच संरक्षण. स्वतः उडवत असाल तर नाही. उत्तर लेखी हातात आल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका, आणि पत्नीला ते पत्र कुठे ठेवलंय हे सांगा.

आणि भागीदार. तिघांतले एक ६८ वर्षांचे आहेत. मार्च २०२८ला ते म्हणाले, ‘मला आता उडायचं नाही, नऊ लाख कशाला भरू?’ तर विमान हँगरमध्ये आणि तुमचे पैसे विमानात. म्हणून करारात असं घाला की इंजिनाचा निधी पहिल्या दिवसापासून तिघांच्या संयुक्त खात्यात दरमहा जमा होईल, सही किमान दोघांची लागेल, आणि बाहेर पडणाऱ्याला जमा वाटा परत मिळणार नाही. हे ऐकून बाकीचे दोघं चुळबुळ करू लागले तर समजा की उत्तर मिळालं.

साडेसहा लाख, कर्ज फिटलेलं, विम्याचं पत्र हातात आणि संयुक्त खातं उघडलेलं, असं जमलं तर घ्या. यातलं एक जरी जुळलं नाही तरी क्लबच्या विमानावर मजेत उडा. गणपतीपर्यंत उत्तर देण्याची घाई करू नका. पावसात ते विमान असंही बाहेर निघत नाही. विकणाऱ्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात बोअरस्कोप घेऊन इंजिनिअरला घाट चढायला लावा.