‘प्रमाण’ की ‘संख्या’? नकाशाच्या मथळ्यातला एक शब्द

प्रश्न एका मराठी दैनिकात नकाशे आणि आलेख करणाऱ्या मैत्रिणीचा आहे. तिने महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा नकाशा केला. डेंग्यूचे रुग्ण जिथे जास्त तिथे गडद छटा, कमी तिथे फिकट. मथळा दिला, ‘जिल्हानिहाय डेंग्यू रुग्णांचे प्रमाण’. मुद्रितशोधकांनी ‘प्रमाण’ खोडून ‘संख्या’ केलं. तिचं म्हणणं असं की, ‘अपघातांचे प्रमाण वाढले’ हे आपण रोज छापतो, मग इथेच काय बिघडलं? शिवाय अशा नकाशाला मराठीत नेमकं काय म्हणतात, हेही तिने विचारलं आहे.

मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. मात्र शब्द बदलल्याने मथळा सुधारला, नकाशा नाही.

आधी ‘प्रमाण’ पाहू. हा शब्द स्वयंपाकघरात अगदी चोख वापरला जातो. इडलीचं प्रमाण काय, असं विचारलं तर उत्तर येतं, तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ. पाहुणे आले म्हणून सहा वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या डाळ भिजवली, तर इडल्यांची संख्या दुप्पट होते, प्रमाण तेच राहतं. म्हणजे प्रमाण सांगायला दोन गोष्टी लागतात, एक जी मोजायची ती आणि दुसरी जिच्या मानाने मोजायची ती. ‘प्र’ आणि ‘मा’, म्हणजे मोजणे, यांपासून हा शब्द झाला. मान, परिमाण, अनुमान हे त्याच धातूचे. ‘अपघातांचे प्रमाण वाढले’ या वाक्यात ही दुसरी गोष्ट कुठेच नसते. कशाच्या मानाने वाढले? वाहनांच्या, लोकसंख्येच्या, की गेल्या वर्षीच्या? बहुतेक वेळा बातमीदाराला फक्त ‘अपघात वाढले’ एवढंच म्हणायचं असतं. वाक्यात ही सैल सवय खपून जाते, कारण पुढच्या ओळीत आकडा येतो. नकाशात पुढची ओळ नसते. वाचक मथळा वाचतो, छटा पाहतो आणि मत बनवून पान उलटतो.

आता नकाशाचं नाव. शाळेच्या भूगोलात वितरणाच्या नकाशांच्या तीन पद्धती शिकवतात: टिंब, समघनी (सारख्या मूल्याची ठिकाणं रेषांनी जोडणारी) आणि क्षेत्रघनी. जिल्ह्याजिल्ह्याला छटा भरलेला नकाशा तो क्षेत्रघनी. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो ज्या शब्दासाठी घडवला त्याच्यापेक्षा जास्त सांगतो. तो शब्द म्हणजे इंग्रजीतला ‘कोरोप्लेथ’. हे नाव अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जॉन कर्टलंड राइट यांनी १९३८ मध्ये वापरात आणलं. ग्रीकमध्ये त्याचा पहिला भाग म्हणजे प्रदेश आणि दुसरा म्हणजे समुदाय, पुष्कळपणा. मराठीने मात्र त्या जागी ‘घन’ घातला. किती आहे, एवढ्यावर न थांबता किती दाट आहे, हे विचारणारा शब्द केला. तो घडवणाऱ्याच्या मनात काय होतं ते असो, नकाशा करणाऱ्याला लागणारा नियम, छटा नुसत्या संख्येला नाही तर प्रमाणाला द्यायची, त्या एका ‘घन’मध्ये आहे. असा पहिला नकाशा फ्रेंच गणितज्ञ शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणाचा केला. त्यातही छटा प्रमाणाला होती, शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे माणसं किती, या हिशेबाला.

हा नियम मोडला की काय होतं, ते २०११ च्या जनगणनेवर पाहा. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४.२९ लाख, मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३.५७ लाख. नुसत्या लोकसंख्येवर छटा भरली तर दोघांना एकच गडद छटा मिळेल. पण पुण्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि उपनगराचं ४४६. नकाशावर पुण्याचा भलामोठा काळसर पट्टा डोळ्यात भरतो आणि उपनगर टिकलीएवढं दिसतं. घनता काढली की चित्र उलटतं. पुण्यात चौरस किलोमीटरला ६०३ माणसं, उपनगरात २०,९८०. गडचिरोली उपनगराच्या बत्तीस पट मोठा, पण तिथे फक्त ७४. म्हणून डेंग्यूच्या नकाशात रुग्णांच्या नुसत्या संख्येला छटा दिली, तर आपण बऱ्याच अंशी लोकसंख्येचाच नकाशा डेंग्यूच्या नावाने छापतो. संख्याच दाखवायची असेल तर टिंब पद्धत घ्यावी. एक टिंब म्हणजे एक लाख माणसं धरली तर पुण्यात ९४ टिंबं विखुरतील, गडचिरोलीत ११, आणि उपनगरात टिंबांचा गच्च डाग होईल. तो डाग खरं सांगतो.

मैत्रिणीला माझा सल्ला असा. ‘क्षेत्रघनी’ हा शब्द कचेरीत आपसात जरूर वापरावा, ‘कोरोप्लेथ’पेक्षा तो सहज तोंडात बसतो. मथळ्यात त्याची गरज नाही. तिथे प्रमाण उलगडूनच लिहावं, आणि त्यासाठी मराठीत किती तरी तयार शब्द आहेत: दरडोई, दर माणशी, दर एकरी, दर शेकडा, दर हजारी. ‘मागे’ तर फारच उपयोगी. महाराष्ट्रात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, हे ‘लिंग गुणोत्तर ९२९’पेक्षा लगेच कळतं. तेव्हा आधी रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागावं आणि मथळा द्यावा, ‘डेंग्यू: दर लाख लोकांमागे रुग्ण’. ‘प्रमाण’ शब्द न लिहिताही प्रमाण सांगून झालं.

तिच्या पत्रात ‘रंग’ आणि ‘छटा’ एकमेकांच्या जागी आले आहेत, तेही वेगळे ठेवावेत. कमीजास्त दाखवायला छटा, एकाच रंगाची फिकट ते गडद. वेगळेपण दाखवायला रंग. निवडणुकीत कोणत्या मतदारसंघात कोणता पक्ष जिंकला हा नकाशा रंगांचा, त्याला क्षेत्रघनी म्हणू नये. विजयी उमेदवाराला शेकडा किती मतं पडली, हा मात्र छटांचा.

राहिला एक घोटाळा. नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ म्हणून आणखी एक गोष्ट असते, १ सेंमी = ५० किमी. शब्द तोच आणि वापरही अगदी बरोबर, कागदावरच्या अंतरामागे जमिनीवरचं अंतर. पण बातमीच्या नकाशात ते शब्दांत लिहू नये. पान लावताना चार कॉलमांचा नकाशा दोन कॉलमांत बसवला, की कागदावरचा सेंटिमीटर पन्नासाऐवजी शंभर किलोमीटरचा होतो आणि छापलेलं वाक्य खोटं ठरतं. फोनवर तर वाचक बोटांनीच नकाशा लहानमोठा करतो. त्याऐवजी छोटी रेघ काढून तिच्या दोन टोकांना ० आणि ५० किमी लिहावं. नकाशा आक्रसला की रेघही त्याच्याबरोबर आक्रसते.