झाडपाला विचारा : बिबळ्याचा पेला आणि अण्णांची गोळी

प्रश्न : बाई, गड्ड्याच्या यात्रेत आमच्या अण्णांनी बिबळ्याच्या लाकडाचा पेला घेतला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं, शुगर कायमची जाते, असं विकणाऱ्यानं सांगितलं. पाणी खरंच तांबूस होतं. आता अण्णा डॉक्टरांची गोळी सोडायची म्हणतात.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गोळी सोडू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजच त्यांच्या कानावर घाला.

बिबळा म्हणजे निव्वळ थाप नाही. सह्याद्री-सातपुड्याच्या पानझडी जंगलातलं हे शेंगवर्गीय झाड आयुर्वेदात असन, बीजक या नावांनी प्रमेहावर, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवर, सांगितलं आहे. पेल्याच्या खरेपणाची शंका असेल तर त्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओता, मागे काळं कापड धरा आणि उन्हात न्या. अस्सल बिबळ्याच्या पाण्यावर निळसर झाक मारते. नुसताच तपकिरी रंग दिसला, तर कुणीतरी ब्रश फिरवलाय असा संशय घ्यायला हरकत नाही. मी कॉलेजात वनौषधी शिकवायचे तेव्हा हा प्रयोग पाहायला शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची.

पण झाक दिसली म्हणजे औषध पुरेसं उतरलं असं नव्हे. साखर उतरवणारं म्हणून ज्याचा फार गवगवा होतो ते टेरोस्टिल्बीन नावाचं द्रव्य गाभ्याच्या लाकडात असतं, आणि ते पाण्यात जेमतेम विरघळतं. दुसरं द्रव्य एपिकॅटेचिन, ते सालीतलं. १९८०च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या उंदरांवर त्याचा मोठा गुण दिसल्याचं प्रसिद्ध झालं होतं. पुढे इतरांनी करून पाहिलं तर तसा गुण मिळाला नाही. शिवाय पेला गाभ्याचा कोरतात, त्याला साल कुठली?

बिबळ्याची माणसांवरची चाचणीही झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चार केंद्रांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले. नव्यानेच मधुमेह निघालेल्या ९७ जणांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. विकणारे हेच सांगतात. दोन गोष्टी मात्र गाळतात. एक, त्या लोकांना रोज ग्रॅमच्या मापात बिबळ्याचं औषध दिलं होतं, पेल्यातलं पाणी नव्हे. दुसरी, तुलनेसाठी बिनऔषधाचा गट नव्हता. पथ्य आणि देखरेखीनंच किती फरक पडला, हे त्यातून कळत नाही. तुमच्या पेल्यात पहिल्या दिवशी किती उतरतं आणि महिन्यानं किती, कोण मोजणार? काही आठवड्यांत पाणी फिकं पडतंच.

अण्णांना पेला सोडवत नसेल तर डॉक्टरांना सांगून, गोळी चालू ठेवून प्यावं आणि साखर तपासत राहावं. पेला रोज उन्हात वाळवा. ओल्या लाकडाला बुरशी धरते.

प्रश्न : शेळ्यांना सुबाभूळ घालतो. केस गळायला लागलेत. रोग आहे का?
— एक शेळीपालक, मोहोळ

उत्तर : बहुधा सुबाभळीचाच प्रताप. तिच्या पाल्यात, कोवळ्या शेंड्यात सर्वांत जास्त, मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते केसांच्या मुळातल्या पेशींची वाढ थांबवतं. ऑस्ट्रेलियात तर मेंढ्यांची लोकर कात्रीविना उतरवता येईल का, हे मिमोसिन देऊन पाहिलं होतं! पोटात त्याचं दुसरं रसायन बनतं, ते थायरॉइडला बाधतं. हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं, कारण त्यांच्या पोटातले जंतू ते रसायन पचवत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं हे हेरलं. ते जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि तिथली तक्रार मिटली. जंतूला नावही त्यांचंच मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी.

तुमच्याकडे सोपा उपाय आहे, ज्वारीचा कडबा. काही दिवस सुबाभूळ बंद ठेवा, मग एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच घाला. गाभण शेळीला नकोच. तरी केस येईनात, तर खरूज आहे का ते पशुवैद्याकडून पाहून घ्या.

प्रश्न : शेवगा शेंगवर्गात का धरत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : पावट्याची शेंग उकलली की दोन फाका होतात, वाळलेल्या शेवग्याच्या तीन. शेवग्याचं कुळच निराळं.