वही कुणाच्या हातात आहे?

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. अकरा बायकांचा बचत गट, बँक 1,50,000 रुपये द्यायला तयार, मिरची कांडप यंत्र घ्यायचं ठरलंय आणि तरी तुझा जीव थाऱ्यावर नाही. कारण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "हिशोब आम्ही दोघी बघतो, बाकीच्यांना त्यातलं काय कळतंय?" तुझी धास्ती खरी आहे. कर्ज मिळणं सोपं. वही कुणाच्या हातात आहे, ते आधी बघ.

पुढच्या बैठकीत रोकड वही मोठ्यानं वाचायला लाव. मागची शिल्लक, आजची बचत, परतफेड, व्याज, दिलेलं कर्ज, आणि मग सतरंजीवर नोटा मोजून हातातली शिल्लक. प्रत्येकीचं पासबुक गटाच्या खतावणीशी, म्हणजे खातेवहीशी, तिथंच ताडून बघ. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपली बाकी तोंडपाठ असते, विचारून बघ. बिघडतं ते सचिव महिनाअखेरीला घरी बसून आठवणीनं वही लिहिते तेव्हा. दोनदा पाचशेचा फरक आला की तिसऱ्या बैठकीला बायका येत नाहीत, आणि आपण म्हणतो बायकांना रस नाही. रस असतो गं, वही दिसत नाही.

तीन जणींचे हप्ते थकलेत म्हणतेस. त्यांना दटावू नकोस. आणखी कुणाकुणाचं देणं आहे ते शांतपणे विचार. आंध्रात एकाच घरावर छोटी कर्जं देणाऱ्या चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीचा जाच वाढला आणि 2010 साली तिथल्या सरकारला त्या कंपन्यांना लगाम घालणारा वटहुकूम काढावा लागला. "वर्षाला फक्त 12 टक्के" म्हणणाऱ्या एजंटाचं गणितही बैठकीतच मांड. 30,000 रुपये, 12 हप्ते, व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर: 3,600 रुपये. तेच व्याज दरमहा उरलेल्या मुद्दलावर धरलं तर 1,950. गटाचा दरमहा शेकडा दोनचा दर ऐकायला जड वाटतो, पण ते व्याज गटाच्याच पेटीत परत येतं. पेटीची वाटणी बरोबर होते का, हे पुन्हा वहीच सांगते.

आता यंत्र. तीन वर्षांची फेड धरली तर हप्ता पाच हजारांच्या आसपास जाईल. कांडपाची गर्दी मार्च ते मे. पावसाळ्यात मिरची सादळते आणि यंत्र झाकून ठेवावं लागतं, पण हप्ता थांबत नाही. म्हणून पावसाळ्यातल्या चार हप्त्यांचे वीसेक हजार उन्हाळ्यातच खात्यात बाजूला पडले पाहिजेत. यंत्राला थ्री फेज लागत असेल तर गावठाणात ती दिवसाला किती तास असते, हे पैसे देण्याआधी विचार. यंत्रावर बसणारीला किलोमागे मजुरी वेगळी लिहा, नफा वेगळा. दोन्ही एकत्र केले की राबणारी म्हणते मला कमी, घरी बसलेली म्हणते मलाही हवा, आणि गट तिथंच फुटतो. घसाऱ्याचे पैसे दरमहा काढा. यंत्र झिजणारच आहे.

आणि मालकी. बिल, विमा, वीजमीटर गटाच्या नावावर. यंत्र अध्यक्षाबाईंच्या पडवीत बसणार असेल तर जागेचा भाडेकरार लेखी, नाहीतर दोन वर्षांत ते "त्यांचं" होतं. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं नाव सगळे घेतात ते छोट्या कर्जासाठी, पण त्या बँकेचे बहुतांश शेअर कर्जदारांच्याच नावावर आहेत, हे कुणी सांगत नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत एवढं वाढलं, तरी लाटणाऱ्या बायका मालकच राहिल्या. उसने पैसे अनेकांना मिळतात. मालकी टिकवणारे थोडे.

माझ्याबद्दल म्हणतात, उगाच अडवून धरतात, म्हणून यांच्या भागात कर्जवाटप कमी दिसतं. दिसू दे. वही वाचल्याशिवाय कर्जाचा ठराव नको, यावर मी अजून ठाम आहे. खंत असेल तर हीच, की हा हट्ट मी उशिरा धरला. तोवर मीही वाटपाचेच आकडे मोजत बसले.

तू घाई करू नकोस. बँक महिनाभर थांबते. यंत्राचं दरपत्रक आलं की त्यावर खरेदीदार म्हणून कुणाचं नाव घातलंय, तेवढं मला कळव.