स्टेज १ रिमॅपनंतर पी२१३५ कोड येतोय, ट्यूनर म्हणतो थ्रॉटल बॉडी बदला. बदलू का, की पेडलचा सेन्सर असेल? कोड फाइलमधूनच बंद करता येतो का?

बदलू नका. किमान मीटर लावून व्होल्टेज बघेपर्यंत तरी नको. पी२१३५ हा बिघाडाचा कोड एवढंच सांगतो की थ्रॉटल प्लेटचे, म्हणजे थ्रॉटल बॉडीत इंजिनची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचे, दोन पोझिशन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीयेत. दोघातला खोटं कोण बोलतंय ते तो सांगत नाही, आणि दोन्ही सेन्सर ठणठणीत असून मधली वायरच घोळ घालत असेल हे तर तुमच्या ट्यूनरच्या डोक्यात आलेलंच दिसत नाही. "थ्रॉटलचा कोड म्हणजे थ्रॉटल बॉडी गेली" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, त्यामुळं उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

माझी १.२ टर्बो पेट्रोल, कोल्हापूरची. स्टेज १ रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवणं, ते करून घेतलं, त्याच माणसाकडं कोल्ड एअर इनटेक (बाहेरची गार हवा ओढणारा पाइप) पण बसवून घेतला. सुरुवातीला गाडी अशी पळायची की नाद खुळा. मग एकदा रत्नागिरीहून येताना साखरपा सोडून आंबा घाट चढतोय, दुसऱ्या गिअरवर वळणातनं बाहेर पडून पाय दाबला आणि इंजिनचा दिवा लागला, पेडल मेलं, गाडी रांगायला लागली. मागं एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून, आणि शेजारी आमचे दाजी. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत सगळं नॉर्मल, आणि वर आंबा गावाच्या आधी पुन्हा तेच. दाजींनी तिथनं जे सुरू केलं ते मलकापूर गेलं, कोल्हापूर आलं तरी चालूच, "कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं काय, रिमॅप केलासा ना, भोगा आता." पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत हा किस्सा.

ट्यूनरकडं गेलो तर त्यानं लॅपटॉप लावला, पी२१३५ वाचला, लगेच क्लिअर केला आणि म्हणाला थ्रॉटल बॉडी टाका नवीन. मी किंमत ऐकून गप्प बसलो तसं म्हणतो कसा, "मग फाइलमधनं कोड बंद करून देतो, फुकट." इथं माझं टाळकं सटकलं. अहो, एकाच प्लेटवर दोन सेन्सर कशाला दिलेत? एक चुकला तर दुसऱ्यावरनं ईसीयूला कळावं म्हणून. न जुळल्यावर तो मोटरचा करंट काढून घेतो, स्प्रिंग प्लेटला जेमतेम उघडी ठेवते, म्हणजे गाडी रांगत का होईना घरी येते आणि स्वतःहून सुसाट सुटत नाही. ही राखण बंद करायची म्हणजे घाटात ईसीयूला चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवायला लावायचं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच, आणि जो ट्यूनर हे फुकट द्यायला तयार आहे त्याच्याकडं गाडी परत नेऊ नका.

दुसरं म्हणजे त्यानं कोड पुसायची घाई केली. पुढच्या वेळी दिवा लागल्यावर मी कुणाला हात लावू दिला नाही, साधा ब्लूटूथ डोंगल लावून सगळं वाचलं तर पी२१३५ च्या मागं पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेले कोड) पी०२२२ पडलेला. म्हणजे दुसऱ्या सेन्सरचं व्होल्टेज खाली गेलंय. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणाची नोंद) लोड भरपूर, आरपीएम वरचे. दर वेळी जोर लावतानाच येतोय, सपाट रस्त्यावर निवांत चालवताना कधीच नाही, हे ट्यूनरला मी तोंडानं सांगितलं होतं, पण ऐकणार कोण.

शिवाजी उद्यमनगरात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बोलणं कमी, मीटर जास्त. त्यानं चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मला हळूहळू पेडल दाबायला लावलं. दोन्ही सेन्सरचे ग्राफ एकदम स्वच्छ. बॉडी खराब असती तर इथंच कुठंतरी ग्राफला खड्डा पडला असता. मग त्यानं वायरिंगचा बंच धरून हलवायला सुरुवात केली, आणि इंजिन मागं झुकल्यावर बंच जिकडं ओढला जातो तिकडं ओढल्याबरोबर दुसरा सिग्नल धाडकन शून्यावर. इनटेकच्या ब्रॅकेटच्या पत्र्याच्या धारेवर बंच घासून एका वायरचं इन्सुलेशन गेलेलं, जोर लावला की इंजिन झुकणार, वायर पत्र्याला टेकणार. वायर नीट करून स्लीव्ह चढवली, बंच दुसऱ्या वाटेनं घेऊन टाय मारला, किरकोळ पैसे घेतले. कोड आजतागायत नाही, तीच थ्रॉटल बॉडी, तीच फाइल.

आता तुमचं. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलचा एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते, तेवढं बघितलं तरी अर्धं काम झालं. पेडल हळू दाबताना दर वेळी त्याच जागी खड्डा पडत असेल तर सेन्सरचा आतला ट्रॅक झिजलाय, मग थ्रॉटल बॉडी खुशाल बदला, आणि बदलल्यावर अडॅप्टेशन (नवी बॉडी ईसीयूला ओळखायला शिकवणं) करून घ्या नाहीतर आयडल, म्हणजे उभ्या गाडीचे आरपीएम, नाचत बसेल. बंच हलवल्यावर पडत असेल तर वायर किंवा सॉकेटची पिन. दोन्ही सिग्नल एकदम वेडेवाकडे होत असतील तर ५ व्होल्टची सप्लाय आणि अर्थ बघा. पेडलच्या दोन सेन्सरचं जुळलं नाही तर सहसा पी२१३८ येतो, त्यामुळं तुमचा पेडलवरचा संशय मला पटत नाही.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहितीय. रिमॅपची फाइल सेन्सरच्या वायरीतलं व्होल्टेज बदलत नाही. फाइल गंडली असती तर अंडरबूस्टचा (टर्बोचा दाब कमी पडल्याचा) पी०२९९ वगैरे आला असता, नाहीतर टॉर्कचं (इंजिनच्या फिरवायच्या जोराचं) गणित जुळेना म्हणून ईसीयूनं कोड न देताच थ्रॉटल मिटलं असतं. टॉर्क वाढला की इंजिन जास्त झुकतं आणि ढिली राहिलेली वायर लवकर उघडी पडते एवढं मी मान्य करतो, पण ती वायर पत्र्यावर टाकली कुणी? बसवणाऱ्यानं. ह्यात माझ्या हौसेचा काय दोष?

हो, एक राहिलंच. काही गाड्यांत थ्रॉटलचे दोन्ही सिग्नल एकाच दिशेनं चढतात, तिथं बेरजेचा हिशोब चालणार नाही, आपल्या गाडीचं वायरिंग डायग्राम आधी बघा. बॅटरी मरायला टेकली असेल तर ती पण आधी तपासा, स्टार्टच्या वेळी व्होल्टेज पडून असले कोड फुकटचे येतात. आणि चावी ऑन असताना प्लेट बोटानं ढकलू नका, मोटर मध्येच फिरली तर बोट सापडेल.