बेळगावच्या फ्लॅटमध्ये कुठलं ऑर्किड टिकेल? घेताना काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहता, पूर्वेला खिडकी आहे, दक्षिणेला ग्रिलची गॅलरी आहे आणि पहिलंच ऑर्किड घ्यायचंय. मग आधी जागा ठरवा, झाड नंतर.

पूर्वेच्या खिडकीत डोळे झाकून फॅलेनोप्सिस ठेवा. नर्सरीत मॉथ ऑर्किड म्हणून मिळतं ते हेच: बुटकं झाड, रुंद जाड पानं, लांब दांड्यावर ओळीनं फुलं. सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं. शिवाय बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. दिवाळीच्या सुमारास रात्री गार पडायला लागल्या की त्या गारव्यानं नवा दांडा निघतो. खाली गोव्यातल्या लोकांना हे सुख कमीच.

गॅलरीत डेंड्रोबियम चालेल. त्याच्या उसासारख्या उभ्या कांड्यांना उजेड जास्त लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी तेवढी हिरवी जाळी बांधा. लोंबत्या मुळ्यांचा व्हॅन्डा कितीही देखणा दिसला तरी पहिल्यांदा नको. उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागतं, आणि सुट्टीत आपण चार दिवस गावाकडं जातोच की.

नर्सरीवाला सगळ्यात भरगच्च फुललेली कुंडी पुढं करेल. तुम्ही कुंडी उचलून मुळ्या बघा. फॅलेनोप्सिस बहुतेक वेळा पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत असतं, त्यामुळं आतलं सगळं दिसतं. कोरडं असताना चांगली मुळी चंदेरी-करडी असते आणि पाणी पडलं की हिरवी होते. हात पोचेल अशी एखादी मुळी हलकेच दाबा. टणक लागली तर उत्तम. बोटाखाली दबली, साल सरकली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती कुजलेली. अशी एखादी चालते, निम्म्याहून जास्त असतील तर कुंडी खाली ठेवा, फुलं कितीही असोत. नंतर खोडाला धरून जरा हलवा. डगमगलं तर मुळ्यांनी धरलेलं नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. मधला कोंब काळा किंवा मऊ पडला असेल तर ते झाड फुकटसुद्धा घेऊ नका. पानं गर्द हिरवीगार असली की लोक खूश होतात. ऑर्किडच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा उजेड कमी पडला असा असतो. जरा फिकट हिरवं पान बरं. सगळी फुलं उमललेलं झाड घेण्यापेक्षा खाली दोन-तीन फुलं आणि वर कळ्या असलेलं घ्या.

गडद निळं फॅलेनोप्सिस दिसलं तर तो रंग दांड्यात टोचून घातलेला असतो. पुढच्या बहराला फुलं पांढरी येतात. माहीत असून घेतलं तर हरकत नाही.

आणखी एक, जून ते सप्टेंबर खरेदी टाळा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. खिडक्या बंद, कपडे वाळत नाहीत, तिथं कुंडीतला मॉस (मुळ्यांभोवती भरलेलं शेवाळ) कुठून वाळणार? दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत घ्या, म्हणजे पावसाळ्याआधी झाड घराला सरावतं. मुळ्यांच्या मध्ये मॉसचा ओला गोळा राहिलाय का तेही विचारा. असेल तर फुलं संपल्यावर तो काढून झाड लाकडाच्या सालीच्या आणि कोळशाच्या तुकड्यांत लावा.

जांबोटी-चोर्ला भागात मे-जूनमध्ये झाडांवर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड फुलतं, आणि कुणी ना कुणी फांदीसकट काढून विकायला आणतो. ती घेऊ नका. राखीव जंगलातून काढणं बेकायदा आहेच, पण तिला मोकळा वारा आणि झाडाचं खोड लागतं, बंद खोली नाही.

तुमच्या पूर्वेच्या खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग अगदी चिकटून असेल तर तसं कळवा. ऊन आत येतच नसेल तर फॅलेनोप्सिसही गॅलरीतच, पण सावलीच्या कोपऱ्यात ठेवावं लागेल.